कावीळ, पाण्याचा ‘योग्य’ रिपोर्ट आणि माळ: फिरत्या मेसेजला उत्तर

“गावातली कावीळ पाण्यामुळे नाही, पाण्याचा रिपोर्ट चांगला आला आहे, अफवांवर विश्वास ठेवू नका” अशी सुरुवात असलेला एक लांबलचक मेसेज सध्या आमच्या भागातल्या जवळजवळ प्रत्येक ग्रुपवर फिरतो आहे. त्यात सहा गोष्टी सांगितल्या आहेत. पाणी तपासलं आणि ते पिण्यास योग्य निघालं, म्हणजे दोष पाण्याचा नाही. एकाच नळाचं पाणी पिणाऱ्या घरात एकालाच कावीळ होते, म्हणजेही पाण्याचा नाही. खरं कारण उन्हाची उष्णता. रुग्णाचं ताट-वाटी-अंथरूण वेगळं करा, नाहीतर घरभर पसरेल. डॉक्टरांकडे काविळीवर औषधच नाही, दवाखान्यात पैसे घालवू नका, काविळीवरची झाडपाल्याची माळ घाला. आणि ज्यांनी काविळीची लस घेतली आहे त्यांना काही होणार नाही.

एरवी असले मेसेज मी वाचून सोडून देते. आरोग्य खात्यात नोकरी केलेल्या माणसाला रोज उत्तरं देत बसायचं म्हटलं तर दुसरं काही करायलाच नको. पण परवा हा मेसेज माझ्या थोरल्या बहिणीकडून आला. तिची लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली आहे, आठवा महिना आहे, अन्नावर वासना नाही, उलट्या होतायत, डोळे पिवळे झालेत. आणि अक्का मला विचारते, “जावई मोकळे आहेत, माळ आणायला पाठवू का?” त्यामुळे आता सोडून देणं शक्य नाही. क्रमाने जात नाही, पाचव्या मुद्द्यापासून सुरू करते, कारण माणसं त्याने दगावतात.

“डॉक्टरांकडे औषध नाही, माळ घाला”

यातलं अर्धं वाक्य खरं आहे, ते मला नाइलाजाने मान्य करावं लागतं. दूषित पाण्यातून साथीने येणारी कावीळ बहुतेक वेळा हेपॅटायटिस ए किंवा हेपॅटायटिस ई या विषाणूंची असते, आणि या दोन्हींवर सर्वसाधारण रुग्णाला द्यावं असं खास औषध नाही. विश्रांती घ्यायची, पाणी भरपूर प्यायचं, झेपेल तेवढं नीट जेवायचं, दारूला शिवायचं नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय एकही गोळी घ्यायची नाही, तापाची पॅरासिटामॉलसुद्धा नाही. बहुतेकांचं यकृत काही आठवड्यांत आपलं आपण सावरतं.

माळवाल्याचं नाव होतं ते नेमकं याच्यामुळे. ज्यांना माळ घातली त्यातले बहुतेक जण ती न घालताही बरे होणारच होते. बरे झालेले गावभर सांगत फिरतात. जो दगावला त्याच्याबद्दल “उशिरा आणला” किंवा “पथ्य मोडलं” असं बोललं जातं आणि विषय संपतो.

माळ लांबते कशी, तेही सांगते, कारण अक्काचा खरा विश्वास तिथेच आहे. माळ असते वनस्पतीच्या ओल्या देठाच्या बारीक तुकड्यांची. तुकडे सुईने ओवत नाहीत, दोऱ्याचा फास प्रत्येक तुकड्याभोवती घट्ट आवळून पुढे जातात. ही माळ डोक्यावर मुकुटासारखी ठेवतात. देठ सुकतात, आकसतात, फास सैल पडतात आणि प्रत्येक फासातला थोडा थोडा दोरा मोकळा होतो. कपाळावरची माळ कानावरून गळ्यात उतरते, पुढे छातीपर्यंत येते, आणि घरचे म्हणतात की काविळीने माळ ओढून घेतली. तीच माळ खिळ्याला टांगून ठेवा. ती तितकीच लांबते. चुन्याच्या पाण्यात हात धुतल्यावर पाणी पिवळं होतं, तोही असाच प्रकार. आधी हाताला आंब्याच्या झाडाच्या सालीचा रस लावलेला असतो, तो चुन्याला लागला की पिवळा रंग येतो. कावीळ नसलेल्या माणसाच्या हातानेही येतो.

नुसती माळ घातल्याने इजा होत नाही, हेही खरं. इजा होते ती तिच्याबरोबर येणाऱ्या गोष्टींनी. कुठे नाकात झाडपाल्याचा रस पिळतात, कुठे तापवलेल्या सळईने दंडावर डाग देतात, कुठे कशाची ते न सांगता पुडी देतात. आधीच सुजलेल्या यकृतावर त्या पुडीचा भार पडतो. आणि सगळ्यात मोठी इजा म्हणजे वाया गेलेले दिवस. “माळ उतरेपर्यंत दवाखाना नको” ही अट जिथे जिथे घातली जाते, तिथे रुग्ण आणि इलाज यांच्या मध्ये माळवाला उभा असतो.

गरोदर बाईच्या बाबतीत हे दिवस परवडत नाहीत. हेपॅटायटिस ई इतरांना बहुधा सौम्य जातो, पण पोटुशी बाईला, त्यातही शेवटच्या तीन महिन्यांत, तो फार वाईट झोडपतो. यकृत अचानक निकामी होतं, रक्त गोठेनासं होतं, मूल पोटातच दगावतं. जागतिक आरोग्य संघटना सांगते की शेवटच्या तिमाहीत हा आजार झालेल्या स्त्रियांपैकी 20 ते 25 टक्के दगावू शकतात. म्हणजे चार-पाच जणींमागे एक. ज्याने हा मेसेज लिहिला त्याला हे माहीत नसेल, असं मी समजते. पण माहीत नसताना “दवाखान्यात पैसे घालवू नका” असं लिहायचा अधिकार त्याला कुणी दिला?

साथीच्या गावात गरोदर बाईचे डोळे पिवळे दिसले, की त्याच दिवशी दवाखाना. तोही असा, जिथे रक्त गोठण्याची तपासणी होते, रक्ताची सोय आहे आणि बाळंतपणही करता येतं. गरोदर असो वा नसो, कुठलाही काविळीचा रुग्ण दिवसा झोपाळू झाला, बोलण्यात विसंगती आली, हात थरथरू लागले, उलट्या थांबेनात, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त आलं, तर सकाळची वाट पाहायची नाही. “औषध नाही” म्हणजे “उपचार नाहीत” असं नव्हे. सलाइन, रक्तघटक, साखरेवर लक्ष, अतिदक्षता विभाग हे सगळे उपचारच आहेत आणि त्यांनी माणसं वाचतात. भाची आता जिल्ह्याच्या ठिकाणी भरती आहे. रक्ताच्या तपासण्या चालू आहेत. माळ आणायला कुणी गेलं नाही.

“पाण्याचा रिपोर्ट योग्य आला”

मेसेजच्या शेवटी रिपोर्टचा फोटो लावलेला आहे, त्यावर “पिण्यास योग्य” हे शब्द स्पष्ट दिसतात. रिपोर्ट खोटा आहे असं माझं म्हणणं नाही. तो बरोबर आहे. पण तो कशाबद्दल आहे, हे कुणी वाचलेलं नाही.

नमुना घेतल्याची तारीख पाहा. तो रुग्ण सापडल्यानंतर, टाकीत भरपूर ब्लिचिंग पावडर ओतून झाल्यानंतर घेतलेला आहे. आता हेपॅटायटिस ई चा हिशोब बघा. विषाणू पोटात गेल्यापासून कावीळ दिसेपर्यंत दोन ते दहा आठवडे जातात, सरासरी पाच-सहा. हेपॅटायटिस ए ला साधारण महिना. म्हणजे आज ज्याचे डोळे पिवळे झाले, त्याने घाण पाणी प्यायलं ते मागच्या महिन्यात किंवा त्याच्याही आधी. मागच्या महिन्यात झालेल्या चोरीचा चोर आज वेशीवर उभा नाही, म्हणून चोरी झालीच नाही असं कोण म्हणेल?

दुसरी गोष्ट त्याहून महत्त्वाची. या तपासणीत विषाणू शोधतच नाहीत. शोधतात ते कोलिफॉर्म जिवाणू, म्हणजे पाण्यात मैला मिसळल्याची खूण. गावपातळीवर ती एच-टू-एस ची बाटली असते, तीही जिवाणूंमुळेच काळी पडते. जिवाणू क्लोरिनने लवकर मरतात. हे विषाणू त्या मानाने चिवट. म्हणून जिवाणूंच्या तपासणीत पास झालेल्या पाण्यातून कावीळ पसरू शकते.

हा माझा तर्क नव्हे. हे दिल्लीत घडून गेलं आहे आणि जगभरच्या वैद्यकीय पुस्तकांत आहे. 1955 च्या नोव्हेंबरात, पुरानंतर यमुनेचा प्रवाह सरकला आणि नजफगड नाल्याचं सांडपाणी उलटं फिरून वझिराबादच्या जलशुद्धीकरण केंद्राच्या उपशापाशी पोचलं. तिथल्या लोकांनी ते ओळखलं. त्यांनी तुरटी वाढवली, क्लोरिन वाढवलं. त्याचा परिणामही झाला, शहरात विषमज्वर वाढला नाही, जिवाणूंचे जुलाब वाढले नाहीत. जिवाणूंच्या हिशोबाने पाहिलं तर पाणी सांभाळलं गेलं होतं. आणि मग डिसेंबरात कावीळ सुरू झाली. जानेवारी 1956 पर्यंत डोळे पिवळे झालेले सुमारे 29,300 रुग्ण झाले. नदी नाल्याने बिघडली ते दिवस आणि रुग्ण वाढले ते दिवस, यांच्यातलं अंतर या आजाराला लागणाऱ्या काळाशी जुळत होतं. त्याच साथीत गरोदर बायका जास्त संख्येने दगावल्या, हेही तेव्हाच्या डॉक्टरांनी नोंदवून ठेवलं.

तेव्हा हेपॅटायटिस ई या विषाणूचं नावसुद्धा कुणाला ठाऊक नव्हतं. त्या साथीतल्या रुग्णांच्या रक्ताचे नमुने जपून ठेवले होते. पुढे 1980 साली ते तपासून निघाले तेव्हा ही ना ए ची कावीळ होती ना बी ची, हे कळलं. त्या कामात आपल्या पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेचे शास्त्रज्ञ होते. कारण ठरवायला विषाणू दिसावा लागला नाही. कोण आजारी पडलं, कधी पडलं आणि कुठलं पाणी पीत होतं, एवढ्यावर 1956 सालीच पाण्याकडे बोट दाखवता आलं.

आपल्याकडेही तेच करायला हवं, आणि आरोग्य केंद्राने ते केलंही आहे, फक्त ते मेसेजमध्ये आलं नाही. आशाताई घरोघर फिरल्या. रुग्णाचं नाव, वय, आळी, पहिल्यांदा ताप-मळमळ कधी, लघवी गडद कधी, डोळे पिवळे कधी, गरोदर आहे का, पाणी कुठलं, बाहेरगावी गेला होता का, कुठल्या लग्नाला जेवला का. याला लाइन लिस्ट म्हणतात, आणि ती रिपोर्टच्या फोटोपेक्षा कितीतरी जास्त बोलते. रुग्ण गावभर विखुरलेले नाहीत, ते बहुतेक खालच्या आळीतले आहेत. वरच्या आळीला पाणी टाकीतून थेट येतं. खालच्या आळीची लाइन गटाराला लागून जाते, आणि तिचा व्हॉल्व्ह ज्या खड्ड्यात आहे त्यात बारा महिने गटाराचं पाणी साचलेलं असतं. रुग्णांच्या तारखांवरून पाच-सहा आठवडे मागे गेलं, की आपण जेसीबीने गटार खोदलं त्या आठवड्यात येऊन पोचतो. तेव्हा पाइपचा जोड निखळला होता आणि तो रबर गुंडाळून तसाच बुजवला, हे त्या आळीतल्या कुणालाही विचारा.

पाणी दिवसाआड येत असेल तर हा धोका वाढतो. नळ चालू असताना दाब आतून बाहेर असतो, फुटलेल्या जागेतून पाणी बाहेर पडतं. पाणी बंद झालं की लाइन रिकामी होते आणि तीच फट बाहेरचं पाणी आत ओढते. त्यात घरोघर नळाला मोटर लावून ओढणं चालू असतं. मग पुढच्या पाळीला पहिल्या दहा मिनिटांत जे पाणी येतं, ते त्या गटाराचं. टाकीवरचा नमुना कितीही चांगला येवो, तो त्या फटीच्या अलीकडचा आहे. नमुना घ्यायचाच तर खालच्या आळीतल्या शेवटच्या नळाचा, पाणी सुटल्या सुटल्या घ्या. आणि जलसुरक्षकाला सांगा की ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यात क्लोरिन उरलंय का ते बघायची तपासणी, तीसुद्धा तिथेच कर. शेवटच्या नळाला पिवळा रंग येत नसेल, तर टाकीत किती टीसीएल, म्हणजे ब्लिचिंग पावडर, टाकलं याला अर्थ नाही.

“एकाच घरात एकालाच कशी?”

हा प्रश्न वाईट नाही. पण उत्तर ठरलेलं आहे. विषाणू पोटात गेलेल्या प्रत्येकाला कावीळ दिसत नाही. हेपॅटायटिस ए लहान मुलांना झाला तर बहुतेकांचे डोळे पिवळे होतच नाहीत, एखादा ताप येऊन जातो आणि आई म्हणते हवा बदलली. आजी-आजोबांना पूर्वी कधीतरी होऊन गेलेला असतो. हेपॅटायटिस ई ची कावीळ दिसते ती मुख्यतः तरुण माणसांत. दिल्लीतही ते पाणी प्यायलेल्या लाखो लोकांपैकी बहुतेकांना काही दिसलं नाही. म्हणून एका घरापाशी थांबून चालत नाही. खालच्या आळीत दर शंभर माणसांमागे किती आजारी पडले आणि वरच्या आळीत किती, हे शेजारी शेजारी ठेवून बघायचं असतं.

“उष्णतेने होते”

दिल्लीची साथ डिसेंबर-जानेवारीत आली. सिमल्याला 2015 च्या डिसेंबरात आणि त्यापुढच्या जानेवारीत काविळीची मोठी साथ आली, तीही सांडपाणी पाण्याच्या स्रोतात मिसळल्याने. सिमल्याच्या थंडीत कुठली उष्णता? आपल्याकडे उन्हाळ्यात रुग्ण वाढतात ते विहिरी आटल्याने, नदीचा प्रवाह मंदावून तीत सांडपाण्याचाच वाटा वाढल्याने, टँकर कुठून भरला ते न विचारल्याने. इचलकरंजीत 2012 च्या उन्हाळ्यात कावीळ पसरली तेव्हाही बोट पंचगंगेच्या पाण्याकडेच होतं.

याच मुद्द्याला जोडून मेसेजमध्ये रोज तीन ग्लास उसाचा रस प्यायला सांगितलं आहे. घरी स्वच्छ काढलेला रस प्यायला हरकत नाही, पण चरकावरचा, कुठल्या पाण्याचा ते माहीत नसलेला बर्फ घातलेला रस साथीत अजिबात नको. हळद, तेल बंद करून रुग्णाला आठवडेच्या आठवडे बेचव उकडलेलं घालायचीही गरज नाही. आधीच मळमळीने तो जेवत नाही.

“ताट-वाटी वेगळी करा”

हेपॅटायटिस ई एका माणसाकडून दुसऱ्याकडे सहसा जात नाही. हेपॅटायटिस ए घरात पसरू शकतो, पण तो न धुतलेल्या हातांवरून, मैल्याच्या वाटेने. संडासनंतर आणि स्वयंपाकाआधी साबणाने हात धुवा, रुग्णाने काही आठवडे इतरांसाठी स्वयंपाक करू नये, लहान मुलाची शी स्वच्छ करणाऱ्याने हात नीट धुवावेत. एवढं पुरे. गरोदर लेकीला मागच्या खोलीत एकटी ठेवून जेवण दारातून सरकवायची काहीच गरज नाही. ती झोपाळू झाली की बोलण्यात विसंगती आली, हे ओळखायला माणूस तिच्याजवळच हवं.

“काविळीची लस घेतली आहे”

गावोगावच्या शिबिरांत “काविळीची लस” म्हणून जी देतात ती बहुतेक हेपॅटायटिस बी ची. ती चांगली लस आहे, जरूर घ्यावी. पण बी हा रक्तातून, सुईतून, शरीरसंबंधातून आणि आईकडून बाळाला होणारा आजार, पाण्यातून येणाऱ्या ए आणि ई शी त्या लसीचा काही संबंध नाही. ए ची लस वेगळी मिळते. ई ची लस चीनमध्ये वापरात आहे, आपल्या गावच्या शिबिरात ती कुणी दिलेली नाही. तेव्हा बी ची लस घेतलेल्यांनीही पाणी उकळूनच प्यायचं. चांगली खळखळून उकळी येऊ द्यायची आणि ते त्याच भांड्यात झाकून ठेवायचं.

आता पुढे काय होणार तेही आधीच सांगून ठेवते. पाइपचा जोड या आठवड्यात नीट बसवला आणि व्हॉल्व्हचा खड्डा कोरडा केला, तरी नवे रुग्ण लगेच थांबणार नाहीत. ज्यांनी दुरुस्तीच्या आदल्या दिवशीपर्यंत ते पाणी प्यायलं आहे, त्यांच्यातल्या काहींचे डोळे अजून महिना-दोन महिने पिवळे होत राहतील. तेव्हा “बघा, पाइप बदलला तरी कावीळ चालूच, म्हणजे पाणी नव्हतंच” असा दुसरा मेसेज येईल. तो पुढे पाठवण्याआधी आशाताईंची यादी उघडून दोनच गोष्टी बघा. एक, दर आठवड्याला नवे रुग्ण कमी होत चाललेत का. दुसरी, दुरुस्तीनंतर दहा आठवडे उलटून गेल्यावरही खालच्या आळीत नवा रुग्ण निघाला का. निघाला, तर लाइन आणखी कुठेतरी फुटलेली आहे आणि ग्रामपंचायतीला पुन्हा खणायला लावायचं.